नहुश्तान : तारणाची खूण आणि तिची मूर्ति

प्राचीन इस्राएलाच्या इतिहासांत मूर्तिपूजेविरुद्ध शतकानुशतकें झगडा चालला होता, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. सोन्याचें वासरूं, बआल दैवताच्या वेदी, अशेरेचे स्तंभ आणि त्यांवर तुटून पडणारे संदेष्टे यांच्या कथा बायबल वाचणाऱ्यांच्याच नव्हे, तर न वाचणाऱ्यांच्याहि कानांवरून गेलेल्या असतात. परंतु या झगड्यांतील एक प्रसंग असा आहे कीं, त्यांत फोडली गेलेली वस्तु परक्या देवाची नव्हती आणि शेजारच्या राष्ट्राकडून उसनी आणलेलीहि नव्हती. ती परमेश्वराच्याच आज्ञेवरून घडविली गेली होती. ती घडविणारा हात साक्षात् मोशेचा होता. आणि तिच्याकडे दृष्टि लावून एके काळीं मरणोन्मुख लोकांचे प्राण वांचले होते. यहूदाच्या हिज्किया राजानें हीच वस्तु फोडून तिचे तुकडे केले. असें त्यानें कां केलें, आणि त्याच्या मागून आलेल्या पिढ्यांना त्यांतील धडा कां उमगला नाहीं, या दोन प्रश्नांत इस्राएलाच्या मूर्तिपूजेचें, दैवी न्यायाचें आणि सुटकेचें मर्म सांठविलेलें आहे.

या वस्तूची जन्मकथा जुन्या करारांतील गणना या पुस्तकांत आहे. मिसर देशाच्या दास्यांतून सुटलेले इस्राएल लोक अदोम देशाला वळसा घालून अरण्यांतून चालले होते. वाट लांबली, पाणी मिळेना, रोजच्या मान्न्याचा वीट आला. आणि ज्या देवानें व ज्या पुढाऱ्यानें त्यांना गुलामगिरींतून बाहेर काढलें, त्यांच्याच नांवानें लोक बोटें मोडूं लागले. तेव्हां विषारी सर्पांचा सुळसुळाट झाला आणि दंशानें पुष्कळ लोक मेले. मागाहून लोकांना पश्चात्ताप झाला, मोशेनें त्यांच्यासाठीं विनवणी केली, आणि त्याला आज्ञा झाली कीं, सर्पाची एक प्रतिमा करून ती खांबावर लावावी; दंश झालेला जो कोणी तिच्याकडे पाहील तो जगेल. मोशेनें पितळेचा साप केला. मूळ हिब्रू शब्द तांबें आणि तांब्याचे मिश्र धातु या दोहोंनाहि लागू पडतो. मराठींत पितळेचा साप असें म्हणण्याची रूढि आहे. ज्या प्रदेशांत ही कथा घडते त्याच्या आसमंतांत तांब्याच्या फार जुन्या खाणी आहेत. त्यांपैकीं तिम्ना येथील एका लहानशा देवस्थानांत १९६९ सालीं उत्खनन चालू असतां, सोन्याचा मुलामा दिलेल्या डोक्याचा तांब्याचा एक छोटा साप सांपडला. तो मोशेचा साप नव्हे; तो दुसऱ्या लोकांचा आहे. तथापि त्या भागांत प्राचीन काळीं सर्पाच्या धातुमूर्ति होत असत, एवढें त्यावरून स्पष्ट दिसतें.

या कथेंतील एक बारकावा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. औषध त्या धातूंत नव्हतें. जो प्राणी लोकांना मारीत होता त्याचीच प्रतिमा त्यांच्या डोळ्यांसमोर उभी केली गेली. तिच्याकडे पाहणें म्हणजे आपला अपराध आणि आपल्यावर आलेला न्याय या दोहोंकडे सरळ डोळ्यांनीं पाहणें, आणि ज्यानें शासन केलें त्याच्याच शब्दावर विसंबणें होय. साप ही केवळ खूण होती. तिनें बोट दाखवावयाचें होतें तें स्वतःकडे नव्हे, तर वांचविणाऱ्याकडे.

परंतु खुणेचें दैवत व्हावयाला वेळ लागत नाहीं. अरण्याचा प्रवास संपला, कनान देशांत वस्ती झाली, शास्त्यांचा काळ गेला, राजे आले, आणि तो साप पिढ्यान् पिढ्या जपून ठेविला गेला. हिज्कियाच्या वेळेपर्यंत इस्राएल लोक त्याच्यापुढें धूप जाळीत होते, असें राजांच्या दुसऱ्या पुस्तकांत एकाच वाक्यांत नमूद आहे. त्याचें नांव नहुश्तान. हिब्रू भाषेंत सापाला नाहाश म्हणतात आणि तांब्यापितळेला नहोशेत. या दोन शब्दांचा ध्वनि त्या नांवांत मिसळला आहे. हें नांव लोकांनीं भक्तीनें ठेविलें होतें कीं राजानें हेटाळणीनें दिलें, याविषयीं मूळ वाक्यावरून दोन्ही अर्थ निघतात. राजानें दिलें असल्यास त्याचा भाव असा कीं, हें तर नुसतें पितळ आहे. गरज सरो, वैद्य मरो, अशी आपली म्हण आहे. येथें प्रकार त्याहून विचित्र झाला. वैद्याचा विसर पडला, आणि त्यानें दिलेल्या औषधाच्या रिकाम्या कुपीपुढें उदबत्ती लागली.

हिज्कियाला हें धैर्य कोठून आलें तें समजण्यासाठीं त्याच्या काळाकडे वळलें पाहिजे. शलमोन राजाच्या मृत्यूनंतर, इ. स. पूर्व ९३० च्या सुमारास, इस्राएलाचें राज्य दुभंगलें. उत्तरेकडील राज्याचा पहिला राजा यराबाम यानें बेथेल आणि दान येथें सोन्याचीं वासरें उभीं केलीं, आणि मिसरांतून सोडविणारें दैवत तें हेंच असें प्रजेला सांगितलें. त्याचा हेतु राजकीय होता. आपली प्रजा उत्सवासाठीं यरुशलेमास जाऊं लागली तर तिचें मन तिकडेच वळेल, अशी त्याला धास्ती होती. दोन शतकें हा क्रम चालला. आमोस आणि होशेय या संदेष्ट्यांनीं बजावलें कीं, धान्याचीं मापें लहान करणाऱ्या आणि गरिबाला जोड्याच्या किंमतीला विकणाऱ्या लोकांचे यज्ञ देवाला नकोसे झाले आहेत. इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या सैन्यानें शोमरोन ही राजधानी घेतली. आपण तेथील २७ हजारांहून अधिक लोक पकडून नेले, असें सार्गोन राजानें कोरून ठेविलें आहे. उत्तरेचें राज्य नकाशावरून पुसलें गेलें तें कायमचें.

तो धूर दक्षिणेकडील यहूदाच्या राज्यांतून दिसत होता. हिज्कियानें त्याचा अर्थ ओळखला. त्यानें उच्च स्थानें मोडलीं, दगडी स्तंभ फोडले, अशेरेची मूर्ति तोडली आणि शेवटीं त्या पितळी सापालाहि हात घातला. बैर-शेबा येथें १९७३ सालीं एक चमत्कारिक गोष्ट उजेडांत आली. कोपऱ्यांना शिंगें असलेल्या एका मोठ्या वेदीचे घडीव चिरे तेथील कोठाराच्या भिंतींत बसविलेले आढळले, आणि त्यांतील एका चिऱ्यावर साप कोरलेला होता. ही वेदी हिज्कियाच्याच सुधारणेंत मोडली गेली, असें कित्येक संशोधक मानतात. कांहींचा तसा निर्वाळा नाहीं. परंतु कोणे एके काळीं पवित्र मानलेले दगड तेथें साध्या भिंतीच्या कामीं आले, हें मात्र डोळ्यांना दिसतें.

इ. स. पूर्व ७०५ मध्यें सार्गोन रणांत पडला आणि त्याचा पुत्र सन्हेरीब गादीवर आला. ही संधि साधून अनेक मांडलिकांनीं बंड केलें, त्यांत हिज्कियाहि होता. वेढा पडणार हें उघड होतें. यरुशलेमचा गीहोन झरा तटाबाहेर होता. त्याचें पाणी शत्रूच्या हातीं न लागतां शहरांत यावें म्हणून राजानें खडकांतून सुमारें ५३३ मीटर लांबीचा बोगदा खोदविला. कामकऱ्यांच्या दोन टोळ्यांनीं दोन टोंकांकडून खोदण्यास आरंभ केला. मध्यें थोडा खडक उरला असतां एकमेकांच्या हाका ऐकूं आल्या, आणि कुदळीला कुदळ भिडून पाणी वाहूं लागलें. हा वृत्तान्त सांगणारा सहा ओळींचा शिलालेख १८८० सालीं बोगद्याच्या भिंतीवर सांपडला; तो इस्तंबूलच्या संग्रहालयांत आहे. त्या लेखांत राजाचें नांव नाहीं. आहे तो केवळ कामकऱ्यांचा आनंद. परंतु यशया संदेष्ट्यानें त्याच काळांतील अशा तयारीकडे पाहून एक खोंचक गोष्ट सांगितली. लोकांनीं तट पाहिले, शस्त्रागार पाहिलें, तळीं बांधलीं. पण हें सर्व ज्यानें घडविलें त्याच्याकडे त्यांनीं पाहिलें नाहीं, असा त्याचा आरोप होता. पाणी सांठविणें हा दोष नव्हे; पाण्यालाच तारणारा मानणें हा दोष होय.

इ. स. पूर्व ७०१ मध्यें सन्हेरीब चालून आला. यहूदाचें दुसऱ्या क्रमांकाचें शहर लाखीश त्यानें जिंकलें. निनवे येथील त्याच्या राजवाड्यांतील दालनांत या वेढ्याचीं शिल्पचित्रें होतीं. गेल्याच्या मागील शतकांत लेयार्ड या इंग्रज संशोधकानें तीं उजेडांत आणलीं, आणि तीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें ठेविलेलीं आहेत. मातीदगडांच्या उतरणीवरून वर चढणारीं भिंतफोडीं यंत्रें, तटावरून फेकलेले पेटते पलिते, बैलगाड्यांत बसून देशोधडीला लागलेल्या बायका व मुलें, आणि उंच आसनावर बसून हें सर्व पाहणारा राजा, असा तो देखावा आहे. लाखीशच्या टेकडीला टेकविलेली ती वेढ्याची उतरण उत्खननांत प्रत्यक्ष सांपडली आहे. सन्हेरीबाच्या मातीच्या षट्कोनी लेखांत म्हटलें आहे कीं, त्यानें हिज्कियाचीं तटबंदीचीं ४६ शहरें घेतलीं, २,००,१५० माणसें बाहेर काढलीं, आणि खुद्द राजाला पिंजऱ्यांतल्या पक्ष्याप्रमाणें यरुशलेमांत कोंडून टाकलें. माणसांचा आंकडा फुगविलेला असावा, असें बऱ्याच इतिहासकारांना वाटतें. खंडणींत ३० किक्कार सोनें होतें, याविषयीं बायबल आणि हा लेख यांचें एकमत आहे. चांदी मात्र बायबल ३०० किक्कार सांगतें आणि सन्हेरीब ८००. ही भरपाई करण्यासाठीं हिज्कियाला मंदिराच्या दारांवरील सोनें खरवडून काढावें लागलें.

इतकें सर्व असूनहि सन्हेरीबाच्या लेखांत एक वाक्य नाहीं. यरुशलेम घेतलें असें तो कोठेंहि म्हणत नाहीं. एवढा बढाईखोर राजा या एका ठिकाणीं गप्प बसतो, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. बायबल म्हणतें कीं, परमेश्वराच्या दूतानें एका रात्रींत अश्शूरी छावणींतील १,८५,००० माणसें मारलीं. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकारानें मिसरच्या सरहद्दीवर सन्हेरीबाच्या सैन्याच्या धनुष्यांच्या दोऱ्या उंदरांनीं कुरतडल्याची एक कथा दिली आहे. कोणी साथीचा रोग कल्पितात, कोणी मिसरी सैन्याच्या हालचालीचें कारण देतात, कोणी खंडणी मिळाल्यावर वेढ्याची गरजच उरली नाहीं असें म्हणतात. कारण कोणतेंहि असो, यरुशलेम वांचलें, आणि तें कोणत्याहि शहाण्या माणसाच्या हिशेबाबाहेर वांचलें. यहूदाची शेतें जळालीं होतीं, गांवें ओस पडलीं होतीं. पण नगर व मंदिर उभें होतें. सन्हेरीब मात्र इ. स. पूर्व ६८१ मध्यें पोटच्या पोरांच्या हातून मारला गेला.

येथें कथा संपली असती तर ती सरळ झाली असती : राजानें मूर्ति फोडल्या, देवानें राजाला सोडविलें. परंतु खरा इतिहास याच्या पुढें सुरू होतो. अरण्यांत साप जसा सुटकेची खूण होता, तसें आतां यरुशलेमचें मंदिर सुटकेची खूण झालें. आणि सापाचें जें झालें तेंच मंदिराचें होऊं लागलें. सन्हेरीब परत गेला ही आठवण बापानें मुलाला आणि मुलानें नातवाला सांगितली. प्रत्येक वेळीं तिच्यांतून पश्चात्तापाचा भाग गळत गेला आणि अभिमानाचा भाग वाढत गेला. हिज्कियाचा पुत्र मनश्शे यानें मोडलेल्या वेद्या पुन्हा उभ्या केल्या. त्याचा नातू योशीया यानें इ. स. पूर्व ६२२ च्या सुमारास मंदिरांत सांपडलेल्या नियमशास्त्राच्या ग्रंथावरून मोठी सुधारणा केली आणि सर्व उपासना यरुशलेमांत एकत्र आणली. इ. स. पूर्व ६०९ मध्यें मगिद्दो येथें मिसरच्या राजाकडून तो मारला गेला. बाहेरच्या मूर्ति गेल्या, आणि सारी भक्ति एकाच इमारतीभोंवतीं गोळा झाली होती.

त्याच सुमारास, यहोयाकीम राजाच्या कारकीर्दीच्या आरंभीं, यिर्मया नांवाचा संदेष्टा मंदिराच्या आवारांत उभा राहिला. आंत येणारे लोक परमेश्वराच्या मंदिराचें नांव जपमाळेप्रमाणें पुन्हा पुन्हा घेत होते. यिर्मयानें त्यांना सांगितलें कीं, हे शब्द फसवे आहेत. चोरी करावी, खून करावा, व्यभिचार करावा, खोट्या शपथा घ्याव्या, विधवेला व पोरक्याला नाडावें, बआलापुढें धूप जाळावा, आणि मग येथें येऊन आतां आम्ही सुरक्षित आहों असें म्हणावें, तर हें मंदिर म्हणजे लुटारूंची गुहा झाली. शिलो येथें जाऊन पाहा, असें त्यानें बजावलें. शिलो यरुशलेमच्या उत्तरेस सुमारें ३० किलोमीटरवर आहे. कराराचा कोश पूर्वीं तेथें होता. तेथील उत्खननांत इ. स. पूर्व अकराव्या शतकांतल्या आगीच्या खुणा सांपडल्या आहेत. कोश असलेलें स्थान ज्यानें जळूं दिलें, तो मंदिर असलेलें स्थान जळूं देणार नाहीं, हें कशावरून?

हे शब्द ऐकून याजकांनीं आणि भोंवतालच्या लोकांनीं यिर्मयाला धरलें आणि त्याच्या प्राणदंडाची मागणी केली. मंदिराविरुद्ध बोलणें हीच त्यांना देवनिंदा वाटली. तेव्हां देशांतील कांहीं वृद्ध पुढें आले. शंभर वर्षांपूर्वीं मीखा संदेष्ट्यानें हिज्कियाच्या काळीं याच नगराविषयीं असेंच सांगितलें होतें कीं, सियोन शेताप्रमाणें नांगरलें जाईल. हिज्कियानें त्याला मारलें काय? तो देवाला भ्याला आणि म्हणून अरिष्ट टळलें, याची त्यांनीं आठवण करून दिली. शाफानाचा मुलगा अहीकाम यानें पाठीशीं उभें राहून यिर्मयाचा जीव वांचविला. उरीया नांवाचा दुसरा संदेष्टा मात्र मारला गेला. त्या वृद्धांनीं हिज्कियाच्या सुटकेची खरी आठवण जपली होती. नगर वांचलें तें दगडांच्या पुण्याईनें नव्हे, तर राजानें कानउघाडणी ऐकली म्हणून, हें त्यांना ठाऊक होतें. बहुसंख्य लोकांच्या लेखीं मात्र मंदिर हाच नहुश्तान झाला होता, आणि आतां तो फोडणारा हिज्किया गादीवर नव्हता.

जें काम राजानें केलें नाहीं तें शत्रूनें केलें. इ. स. पूर्व ५९७ मध्यें बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानें यरुशलेम घेऊन तरुण राजा यहोयाखीन याला कैद करून नेलें. तरीहि लोक सावध झाले नाहींत. शेवटच्या स्वारींत यहूदाचे किल्ले एकामागून एक पडले. लाखीशच्या वेशींत १९३५ सालीं खापरांवर शाईनें लिहिलेलीं पत्रें सांपडलीं. त्यांतील एकांत कोणी नाक्यावरचा अधिकारी आपल्या वरिष्ठाला कळवितो कीं, आम्ही लाखीशच्या अग्निसंकेताची वाट पाहत आहों, कारण अजेकाचा आम्हांला दिसत नाहीं. इ. स. पूर्व ५८६ मध्यें, कांहींच्या मतें ५८७ मध्यें, नगर पडलें आणि मंदिर जाळलें गेलें. दारापुढील दोन भव्य पितळी खांब आणि पितळेचें मोठें गंगाळ फोडून खास्द्यांनीं त्याचें पितळ बाबेलास नेलें. हिज्कियानें एक पितळी साप फोडला होता. आतां सारें पितळच फुटलें.

या ठिकाणीं एखादें दुसरें राष्ट्र संपलें असतें. त्या काळची समजूत अशी कीं, ज्याचें मंदिर पडलें तो देव हरला. परंतु बाबेलच्या बंदिवासांत उलटेंच घडलें. यहेज्केल नांवाच्या याजकानें खबार नदीकांठीं सांगितलें कीं, परमेश्वराचें तेज आगीच्या आधींच मंदिरांतून निघून पूर्वेकडे गेलें होतें, आणि परदेशांत विखुरलेल्या लोकांसाठीं तो स्वतःच कांहीं काळ पवित्रस्थान झाला होता. म्हणजे जळाली ती रिकामी इमारत. ज्या क्षणीं खूण हातांतून गेली, त्या क्षणीं खुणेचा धनी पुन्हा दिसूं लागला. बंदिवान राजा यहोयाखीन आणि त्याचे पुत्र यांना मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद असलेल्या मातीच्या वड्या बाबेलच्या ढिगाऱ्यांत सांपडल्या आहेत. पराभूत राजाच्या हातीं शिध्यावांचून कांहीं उरलें नव्हतें. परंतु त्याच्या प्रजेच्या हातीं नियमशास्त्र, स्तोत्रें आणि संदेष्ट्यांची वाणी उरली होती. आणि जे संदेष्टे तुरुंगांत पडले व मार खात राहिले, त्यांचेच ग्रंथ आतां जपून ठेवण्यांत आले. इ. स. पूर्व ५३९ मध्यें पारसाच्या कोरेशानें बाबेल घेतलें. बाबेल येथें १८७९ सालीं सांपडलेल्या त्याच्या मातीच्या नळकांड्यावरील लेखांत यहूदाचें नांव नाहीं. पण परागंदा झालेल्या लोकांना त्यांच्या ठिकाणीं धाडण्याचें व देवस्थानें सांवरण्याचें त्याचें धोरण त्यांत स्पष्ट आहे. त्या धोरणानें यहूदी परत आले आणि इ. स. पूर्व ५१५ मध्यें दुसरें मंदिर पुरें झालें.

पुढें अनेक शतकांनीं निकदेम नांवाचा एक शास्त्रवेत्ता रात्रीच्या वेळीं येशूकडे आला, तेव्हां येशूनें आपल्या मरणाचा अर्थ सांगण्यासाठीं मोशेच्या त्या सापाचाच दाखला निवडला. अरण्यांत जसा साप उंच केला गेला तसें मनुष्याच्या पुत्राला उंच केलें जाणें अवश्य आहे, असा त्याचा आशय होता. योहानाच्या शुभवर्तमानांतील हा प्रसंग वाचतांना ख्रिस्ती मनुष्याला वधस्तंभाचा अर्थ उलगडतो : न्यायाची खूण आणि सुटकेची खूण एकच आहे, आणि पाहावयाचें तें लांकडाकडे नव्हे, तर त्यावरील प्रेमाकडे. त्याच येशूनें मंदिरांतील व्यापाऱ्यांना हांकून देतांना यिर्मयाचे लुटारूंच्या गुहेचे शब्द पुन्हा उच्चारले, आणि या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाहीं असें सांगितलें. इ. स. ७० मध्यें रोमन सेनापति टायटस यानें तें दुसरें मंदिरहि जाळलें.

आपण या मोहाच्या पलीकडे आहों, असें ख्रिस्ती लोकांनाहि म्हणतां येणार नाहीं. इटलींतील मिलान शहराच्या संत अँब्रोझच्या प्राचीन देवळांत एका खांबावर एक पितळी साप बसविलेला आहे. तो अकराव्या शतकाच्या आरंभीं कॉन्स्टँटिनोपलहून आणला गेला, आणि तो मोशेनें केलेला सापच होय अशी दंतकथा तेथें चालत आली आहे. ज्याचे तुकडे केल्याबद्दल शास्त्रांत हिज्कियाची वाखाणणी आहे, तोच साप भाविकांनीं पुन्हा सबंध करून खांबावर चढविला. मनुष्याचें मन असें आहे. देवानें काल केलेली सुटका हातांत धरून ठेवावी, आणि आजची त्याची वाणी ऐकूं नये, हें त्याला सोयीचें वाटतें. म्हणून हिज्कियाचा घण केवळ एका पितळी सापावर पडला नाहीं. ज्या गोष्टी पूर्वीं खरोखरच पवित्र होत्या आणि ज्यांनीं पूर्वीं खरोखरच प्राण वांचविले, त्यांच्याविषयींच मनुष्यानें सर्वांत अधिक सावध असलें पाहिजे, हें त्या घणाच्या घावानें यहूदाला एकदां सांगितलें होतें. न ऐकल्यामुळें तेंच त्याला सव्वाशें वर्षांनीं जळत्या मंदिराच्या उजेडांत वाचावें लागलें.